व्हिडिओ सर्व्हरवर चढवला, मग चालत का नाही?

अपलोडची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, फाइल सर्व्हरच्या डिस्कवर दिसतेय, साइझ पण बरोबर आहे, आणि तरी टीव्हीवर लायब्ररी उघडली की तो व्हिडिओ तिथे नाहीच. किंवा आहे पण प्ले दाबलं की नुसतं गोल फिरत राहतं, नाहीतर चित्र येतं आणि आवाज गायब. स्वतःचा मीडिया सर्व्हर लावणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला हा त्रास होतो, मग माणूस तीच फाइल परत अपलोड करतो आणि परत तेच होतं. मलाही हे उलगडायला बराच वेळ लागला, कारण मी अपलोड म्हणजे एकच काम धरून चाललो होतो आणि खरं तर ती तीन कामं आहेत: फाइल धडपणे पोचणं, सर्व्हरला ती दिसणं, आणि समोरच्या स्क्रीनला ती वाचता येणं. तिन्ही ठिकाणी बिघाड वेगळा असतो आणि एका ठिकाणचा बिघाड दुसरीकडे शोधत बसलं की अख्खी रात्र जाते.

मीडिया सर्व्हर म्हणजे काय ते पटकन सांगतो. कायम चालू राहणारा एक कॉम्प्युटर, त्याच्या डिस्कवर तुमचे व्हिडिओ, आणि वर जेलीफिन, प्लेक्स, एम्बी यांच्यापैकी एखादं सॉफ्टवेअर. हे सॉफ्टवेअर फोल्डर चाळतं, यादी बनवतं आणि फोन, टीव्ही, ब्राउझर जे मागेल त्याला व्हिडिओ थोडा थोडा करून पाठवतं. जेलीफिन पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे, २०१८ च्या डिसेंबरमध्ये एम्बीच्या कोडमधून ते वेगळं झालं. कुठलंही घ्या, खाली सांगतोय ते सगळ्यांना लागू पडतं.

सुरुवात तिसऱ्या कामापासून करतो, म्हणजे स्क्रीनला फाइल वाचता येणं, कारण त्याची तयारी अपलोडच्या आधी करायची असते.

आपण म्हणतो माझी फाइल एमपीफोर आहे किंवा एमकेव्ही आहे, पण हे झालं पाकिटाचं नाव. आत कुठल्या भाषेत पत्र लिहिलंय ते पाकिटावरून कळत नाही. पाकिटाला कंटेनर म्हणतात, आतल्या भाषेला कोडेक, आणि एका पाकिटात चित्राचं एक पत्र, आवाजाची एक-दोन, सबटायटलची चार असं सगळं एकत्र असू शकतं. चित्राच्या भाषांमध्ये एच.२६४ ही २००३ पासूनची, आज जवळजवळ प्रत्येक फोन, टीव्ही आणि ब्राउझरला ती येते. २०१३ मध्ये एच.२६५ आली, तिलाच एचईव्हीसी म्हणतात, तिच्यात तशीच क्वालिटी साधारण अर्ध्या जागेत बसते पण जुन्या टीव्हींना आणि काही ब्राउझरना ती वाचता येत नाही. २०१८ मध्ये एव्हीवन आली, ती अजून आटोपशीर, पण ती वाचणारी चिप फक्त नव्या उपकरणांत असते.

आता प्ले दाबल्यावर काय होतं बघा. टीव्हीला पाकीटही उघडता आलं आणि भाषाही आली, तर सर्व्हर फाइल जशी आहे तशी पुढे सरकवतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि यात सर्व्हरला काहीच श्रम नाहीत, एखादा दहा वर्षं जुना लॅपटॉपसुद्धा हे आरामात करतो. भाषा येते पण पाकीट उघडत नाही, तर सर्व्हर पाकीट बदलून देतो, यालाही फार ताकद लागत नाही. पण भाषाच येत नसेल तर त्याला प्रत्येक फ्रेम उलगडून नव्या भाषेत परत लिहावी लागते, तेही बघणाऱ्याच्या वेगाने. हे ट्रान्सकोडिंग. फोर-के एच.२६५ व्हिडिओ कमी ताकदीच्या मशीनवर असा चालता चालता बदलायचा म्हटलं की सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि इकडे दर काही सेकंदांनी व्हिडिओ थांबतो. लोक इंटरनेटला दोष देतात, राउटर बदलतात, आणि दुखणं असतं सर्व्हरच्या आत. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक नावाचा याच कामासाठीचा वेगळा भाग असतो, एनव्हिडियाच्या कार्डांतही तशी सोय असते, सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू केलं की पुष्कळ फरक पडतो. तरी मला विचाराल तर व्हिडिओ आधीच योग्य भाषेत करून ठेवावा, एकदाच वेळ जातो आणि पुढे कायमची सुटका होते.

आवाजाचंही असंच असतं आणि तिकडे कोणी बघतच नाही. एएसी सगळीकडे चालतो. डीटीएस आवाज ब्राउझरना साधारण वाजवताच येत नाही, म्हणून सर्व्हरला निदान आवाज तरी बदलावा लागतो, आणि ते झालं नाही की मूकपट.

फाइलच्या आत काय आहे ते मीडियाइन्फो नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल ओढून टाकली की दिसतं, व्हीएलसी प्लेअरमध्येही कोडेकची माहिती बघता येते. अपलोडच्या आधी हे एक मिनिट द्याच. नुसतं पाकीट बदलायचं असेल तर एफएफएमपेग हे कमांडने चालणारं मोफत साधन ते काम डिस्कच्या वेगाने करतं, दोन तासांच्या व्हिडिओलाही थोडाच वेळ लागतो आणि क्वालिटी एक कणही कमी होत नाही कारण आतल्या पत्राला हातच लावलेला नसतो. भाषा बदलायची असेल तर हँडब्रेक हा प्रोग्रॅम वापरा, बटणं दाबून काम होतं, पण याला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी थोडी क्वालिटी जाते, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

एमपीफोरमधली एक गोष्ट जरा जवळून दाखवतो कारण ती कळली की पुष्कळ कोडी सुटतात. एमपीफोर फाइल म्हणजे एकामागे एक ठेवलेले खण. एका मोठ्या खणात खरं चित्र आणि आवाज असतो, त्याचं नाव एमडॅट. दुसऱ्या लहान खणाचं नाव मूव्ह, आणि त्यात अनुक्रमणिका असते, म्हणजे कुठल्या सेकंदाची फ्रेम फाइलमध्ये कितव्या बाइटवर सापडेल ते. प्लेअरला अनुक्रमणिका हातात आल्याशिवाय एक फ्रेमसुद्धा दाखवता येत नाही. आणि गंमत बघा, बहुतेक कॅमेरे आणि फोन ती शेवटी लिहितात, कारण रेकॉर्डिंग चालू असताना एकूण किती फ्रेम होणार ते त्यांना माहीतच नसतं. बॅटरी संपून रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं की फाइल काही जीबीची असूनही उघडत नाही ती यामुळेच, सगळं चित्र आत आहे पण अनुक्रमणिका लिहायचीच राहिली.

आता हीच शेवटी अनुक्रमणिका असलेली फाइल सर्व्हरवर ठेवली तर प्लेअरला आधी फाइलच्या शेपटाकडे जाऊन यावं लागतं. फाइलमधला मधलाच तुकडा मागायची सोय सर्व्हरवर असेल तर थोडाच उशीर होतो, नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत काळा स्क्रीन. उपाय एकदम सोपा आहे, एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्ट नावाचा पर्याय आहे, तो अनुक्रमणिका उचलून पुढे आणून ठेवतो. हँडब्रेकमध्ये यालाच वेब ऑप्टिमाइझ्ड म्हणतात, एक टिक करायची. वेबसाइटवर व्हिडिओ ठेवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

आता पहिलं काम, फाइल पोचवणं. इथे आधी वेळेचा हिशोब करा म्हणजे चिडचिड होत नाही. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, ८ बिट म्हणजे १ बाइट. ८ मेगाबिट बिटरेटचा, म्हणजे दर सेकंदाला ८ मेगाबिट डेटा असलेला, दोन तासांचा व्हिडिओ घ्या. दोन तास म्हणजे ७,२०० सेकंद, गुणिले ८ म्हणजे ५७,६०० मेगाबिट, भागिले ८ म्हणजे ७,२०० मेगाबाइट, साधारण ७.२ जीबी. तुमचा अपलोड वेग १० मेगाबिट असेल तर ही फाइल चढायला ५,७६० सेकंद, म्हणजे १ तास ३६ मिनिटं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. आणि लक्षात घ्या, घरच्या बऱ्याच कनेक्शनमध्ये डाउनलोडपेक्षा अपलोड कमी असतो, त्यामुळे १०० चं कनेक्शन आहे म्हणून अपलोडही १०० ने होईल असं धरू नका. सर्व्हर घरातच असेल तर इंटरनेट मध्ये येतच नाही, गिगाबिट केबलने तीच फाइल साधारण एका मिनिटात जाते. म्हणून पहिल्यांदा भरपूर फाइल भरायच्या असतील तर वायफाय सोडून केबल लावा.

पेनड्राइव्हने न्यायचं म्हटलं तर तिथे एक अडचण आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, मग आत जागा कितीही मोकळी असू दे. फाइल फार मोठी आहे असं काहीतरी येतं आणि माणूस गोंधळतो. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करून घ्या.

लांबच्या सर्व्हरवर पाठवताना ब्राउझरमधून अपलोड करणं सगळ्यात सोपं वाटतं आणि मोठ्या फाइलला सगळ्यात जास्त दगा तेच देतं. इंजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर पुष्कळ ठिकाणी पुढे उभा असतो आणि काही न बदलता तो १ एमबीच्या वरचं अपलोड घेतच नाही, ४१३ नंबरची एरर देऊन मोकळा होतो. ती मर्यादा वाढवली तरी मध्ये कनेक्शन तुटलं की बऱ्याचदा पहिल्यापासून सुरू. त्यापेक्षा या कामासाठीच बनलेली साधनं वापरा. फाइल पाठवायची एफटीपी ही पद्धत खूप जुनी, १९७१ मध्ये अभय भूषण यांनी तिचा पहिला आराखडा लिहिला, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे हे विद्यार्थी तेव्हा एमआयटीत होते, मला याचं फार कौतुक वाटतं. पण साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो, म्हणून आज एसएफटीपी वापरायचं, म्हणजे सगळं कुलूपबंद करून पाठवणारी पद्धत, त्यासाठी फाइलझिला किंवा विनएससीपी हे प्रोग्रॅम घ्या, तुटलं तर राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करता येतं.

माझं स्वतःचं मत आरसिंकच्या बाजूने आहे. १९९६ पासूनचं हे फाइल पाठवायचं साधन, सर्व्हरवर आधीच असलेलं परत पाठवत नाही, आणि एक फार चांगली सवय त्याला आहे: पाठवणं चालू असेपर्यंत फाइलला ते तात्पुरतं नाव देतं, पुढे ठिपका आणि मागे काही अक्षरं जोडून, आणि सगळं पोचल्यावरच खरं नाव लावतं. हे का महत्त्वाचं ते सांगतो. मीडिया सर्व्हर फोल्डरवर लक्ष ठेवून असतो. दुसऱ्या कुठल्या साधनाने फाइल चढत असेल आणि ती एक तृतीयांश आली असतानाच सर्व्हरने तिला पाहिलं, तर तो अर्धवट फाइलच वाचायला जातो, एमपीफोर असेल तर अनुक्रमणिका शेवटी असल्यामुळे त्याला काहीच सापडत नाही, एमकेव्ही असेल तर कधी लांबी चुकीची नोंदली जाते. नंतर पूर्ण फाइल आली तरी ती जुनी चुकीची नोंद कधी कधी तशीच राहते. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लायब्ररीत बारा मिनिटांचा दिसत होता आणि डिस्कवरची फाइल एकदम ठणठणीत, हे मी स्वतः पाहिलंय. ती नोंद काढून परत स्कॅन केल्यावर सरळ झालं.

म्हणून मी कधीच थेट लायब्ररीच्या फोल्डरमध्ये अपलोड करत नाही. त्याच डिस्कवर एक आवक नावाचं वेगळं फोल्डर केलंय, सगळं आधी तिथे उतरतं, आणि पूर्ण झालं की तिथून लायब्ररीत हलवतो. त्याच डिस्कवर हलवायला क्षणही लागत नाही कारण नुसता पत्ता बदलतो, डेटा जागचा हलत नाही, त्यामुळे सर्व्हरला एकतर फाइल नाहीच दिसते किंवा पूर्ण दिसते, अर्धवट असं कधीच नाही. दुसऱ्या डिस्कवर हलवलं तर मात्र परत कॉपी होते आणि तोच धोका उभा राहतो. आरसिंकवाल्यांनीही एक बघा, तुटलेली फाइल ठेवून द्यायचा पार्शल पर्याय लावला असेल तर मध्ये तुटल्यावर ती अर्धी फाइल खऱ्या नावानेच पडून राहते, म्हणून तिच्यासाठी वेगळं फोल्डर सांगायचा पर्याय आहे, तो वापरा.

पोचलेली फाइल अगदी तीच आहे का हे बघायला चेकसम काढतात. दोन्हीकडे एसएचए-२५६ काढायचं, अक्षरांची लांब ओळ येते, ती जुळली म्हणजे एक बिटही बदललेला नाही. रोज करायची गरज नाही, पण ज्याची दुसरी प्रत नाही अशा घरच्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी मी हे करतोच.

राहिलं दुसरं काम, सर्व्हरला फाइल दिसणं. लिनक्स सर्व्हर असेल तर निम्म्या तक्रारी परमिशनच्या, म्हणजे कोणाला काय वाचता येईल त्या परवानगीच्या, असतात असा माझा अंदाज. मीडिया सर्व्हर स्वतःच्या वेगळ्या युझरने चालतो, आणि तुम्ही फाइल तुमच्या युझरने किंवा रूटने, म्हणजे मुख्य ॲडमिन युझरने, ठेवलेली असते. तुम्हाला दिसते, त्याला दिसत नाही. परवानगीचे आकडे फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ असले की सगळ्यांना वाचता येतं, पण नुसतं शेवटचं फोल्डर बरोबर असून भागत नाही, वरपासून खालपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये त्याला शिरता आलं पाहिजे. उबुंटूमध्ये बाहेरची हार्ड डिस्क लावली की ती आपोआप तुमच्या नावाच्या फोल्डरखाली माउंट होते, म्हणजे जोडली जाते, आणि त्या फोल्डरमध्ये फक्त तुम्हालाच प्रवेश असतो, आतल्या परमिशन कितीही मोकळ्या केल्या तरी सर्व्हर दारातच अडकतो. डिस्क दुसऱ्या जागी कायमची माउंट करा, प्रश्न मिटतो. डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या बंद डब्यात चालवणाऱ्या साधनात, चालवत असाल तर अजून एक, सर्व्हरला फक्त तेवढीच फोल्डरं दिसतात जी तुम्ही डॉकरला जोडून दिलीत, आणि ती त्याला वेगळ्या पत्त्यावर दिसतात.

परमिशन ठीक आहे तरी नवी फाइल येत नाही, आणि व्हिडिओ दुसऱ्या मशीनवर किंवा नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर, आहेत? मग स्कॅनचं बटण स्वतः दाबा. फोल्डरमध्ये काही नवीन आलं की लिनक्स आतल्या आत खबर देतं, पण नेटवर्कवरच्या शेअरमध्ये दुसऱ्या कोणी फाइल टाकली तर ती खबर इकडे येत नाही.

नावांचं थोडक्यात. चित्रपटाला नाव आणि कंसात वर्ष, स्वतःच्या फोल्डरमध्ये. मालिकेला सीझनचं फोल्डर आणि फाइलच्या नावात एस०१ई०१ अशी खूण, पण ही खूण फाइलवर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायची, नाहीतर सर्व्हर ओळखणार नाही. घरचे व्हिडिओ असतील तर लायब्ररी बनवतानाच होम व्हिडिओ हा प्रकार निवडा, नाहीतर सर्व्हर तुमच्या सहलीच्या व्हिडिओला नेटवरचा कुठला तरी सिनेमा समजून पोस्टर चिकटवतो. आणि अर्थात जे आपलं आहे किंवा ज्याचे हक्क आपल्याकडे आहेत तेच लोकांसाठी खुलं करा.

सबटायटलची फाइल व्हिडिओच्याच नावाची ठेवा, शेवटी भाषेचा कोड. मराठी सबटायटल असतील तर ती यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीतच सेव्ह झालेली हवीत, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर स्क्रीनवर नुसती चिन्हं उमटतात. ब्लू-रेवरून आलेली सबटायटलं अक्षरं नसून चित्रं असतात, बऱ्याच प्लेअरना ती दाखवता येत नाहीत, मग सर्व्हर ती चित्रावर कोरून देतो आणि त्यासाठी अख्खा व्हिडिओ ट्रान्सकोड करतो. व्हिडिओ नीट चालायचा आणि सबटायटल लावलं की अडखळायचा, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

घराबाहेरून बघायचं किंवा बऱ्याच लोकांना दाखवायचं तर गणित बदलतं. ८ मेगाबिटचा व्हिडिओ तिघांनी एकदम पाहिला तर सर्व्हरकडून २४ मेगाबिट सतत बाहेर जायला हवेत, आणि तो सर्व्हरचा अपलोड झाला. अशा वेळी एकाच व्हिडिओच्या तीन-चार आवृत्त्या आधीच करून ठेवतात, १०८०पी साधारण ५ मेगाबिटला, ७२०पी ३ च्या आसपास, ३६०पी एकाच्या आत, आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस पद्धत हेच करते. प्लेअर एकेक तुकडा मागतो आणि नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या आवृत्तीतला घेतो. यासाठी सगळ्या आवृत्त्यांचे तुकडे एकाच क्षणी तुटायला हवेत आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात पूर्ण फ्रेमने, म्हणजे कीफ्रेमने व्हायला हवी, म्हणून एन्कोड करताना दर २ सेकंदांनी कीफ्रेम टाकायला सांगतात. हे चुकलं की क्वालिटी बदलताना व्हिडिओ गचका खातो.

सगळं झालं की मी प्रत्येक नव्या व्हिडिओवर एकच गोष्ट करतो. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तो उघडतो, थेट मध्यावर उडी मारतो, मग शेवटच्या पाच मिनिटांवर, आवाज ऐकतो, सबटायटल लावून बघतो, आणि त्याच वेळी सर्व्हरच्या डॅशबोर्डवर डायरेक्ट प्ले लिहून आलंय की ट्रान्सकोड ते पाहतो. शेवटची पाच मिनिटं नीट चालली तरच जुन्या डिस्कवरची मूळ फाइल हलवून बॅकअपच्या डिस्कवर ठेवतो.